सीलिंग इफेक्टला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम
रुग्णांना औषधासोबत द्यायच्या एका माहितीपत्रकाचं मराठीकरण करतेय. औषध वेदनाशामक आहे, आयबुप्रोफेन. मजकुराचा आशय असा: या औषधाला सीलिंग इफेक्ट आहे, ठरावीक डोसच्या पुढे गोळ्या वाढवल्या तरी दुखणं आणखी कमी होत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडांचा धोका मात्र वाढत जातो. पहिल्या खर्ड्यात मी 'छत परिणाम' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'कमाल मात्रा' केलं आणि समासात शेरा मारला, "रूढ शब्द असताना नवे पाडू नयेत." मला 'कमाल मात्रा' साफ चुकीचं वाटतंय, पण का, ते त्यांना पटेल असं मांडता येत नाहीये. वाचणारा माणूस दुखणं घेऊन बसलेला असणार, त्याला परिभाषेचा तास नको. सुटसुटीत शब्द हवाय. सुचवा.

कोशकीटक
मी तपासनिसांच्या बाजूने. सीलिंगला 'कमाल मर्यादा' हा शब्द मराठीने केव्हाच पचवलाय. जमिनीचा कायदाच बघा ना: कागदोपत्री 'कमाल धारणा' आणि बोलताना 'जमीन सीलिंगमध्ये गेली'. दोन्ही सुखाने नांदतात.

'छत'ला मात्र ठाम विरोध. मराठीत छत म्हणजे आसरा. 'डोक्यावर छत आहे' याचा अर्थ माणसाचं बरं चाललंय. 'याच्या वर जाता येत नाही' ही छटा त्या शब्दात आपल्याकडे कधी नव्हतीच. 'छत परिणाम' वाचून रुग्णाला वाटेल की गोळी त्याला पावसापासून वाचवणार आहे.

अवांतर: 'कमाल' अरबी, मूळ अर्थ पूर्णत्व. 'कमाल आहे बुवा तुमची' आणि 'कमाल तापमान' एकाच घरातले.

गोळीबार
औषधशास्त्र शिकवणं हा पोटापाण्याचा उद्योग असल्याने जरा लांबेल.

कोशकीटक, घात इथेच होतो. कमाल मात्रा ही मात्रेवरची मर्यादा आहे, सीलिंग ही परिणामावरची. पहिली माणसांनी आखून दिलेली असते, दुसरी शरीरातच असते. पॅरासिटामॉल घ्या. धडधाकट प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही त्याची कमाल मात्रा. कशासाठी? यकृतासाठी. औषधाचा थोडा हिस्सा यकृतात विषारी रूप घेतो, ग्लुटाथायोन हे शरीरातलंच रसायन त्याला निकामी करतं, आणि ग्लुटाथायोनचा साठा सरला की पेशी मरू लागतात. इथे थांबायचं कारण इजा.

आता आयबुप्रोफेन. एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या पुढे वेदना कमी होण्यात फारशी भर पडत नाही असं मानतात. पण सांध्यांच्या सुजेसाठी डॉक्टर याहून मोठे डोस देतात, म्हणजे ४०० ही काही कमाल मात्रा नव्हे. एकाच गोळीचं वेदनेसाठीचं सीलिंग एकीकडे, सुजेसाठीचं दुसरीकडे आणि कमाल मात्रा तिसरीकडेच.

मॉर्फिनमध्ये याच्या उलट. त्याच्या वेदनाशमनाला म्हणण्यासारखं सीलिंग नाही. डोस वाढवा, वेदना आणखी दबते. श्वासही दबत जातो. तिथे हात आखडता घ्यायचा तो श्वासासाठी.

अर्धविरामताई, तपासनिसांना एवढंच सांगा. 'कमाल मात्रा' वाचून माणसाला वाटतं, पुढे गेलो तर धोका आहे, पण गुणही जास्त येईल. रात्री दाढ ठणकत असेल तर तो हा सौदा करतो. पुढे मिळण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे त्याला कळायला हवं.

अर्धविराम
हेच! हेच मांडता येत नव्हतं. मग शब्द कोणता?

सदाशुद्ध
एवढं लांब कशाला जायचं? 'परिणाममर्यादा' म्हणा. त्याहून गोड हवा असेल तर 'गुणमर्यादा'. औषधाला गुण येतो, औषध गुणकारी असतं, 'गुण पडला का?' असं आपण विचारतोच. मग गुणाची मर्यादा ती गुणमर्यादा. घडीव आहे आणि आजीलाही कळेल. वर तुम्ही सगळे 'डोस', 'सीलिंग' बिनदिक्कत लिहिताय, त्याबद्दल नंतर बोलू.

पेपरतपासनीस
'गुणमर्यादा' आमच्याकडे फारच शोभेल! परीक्षाशास्त्रातही सीलिंग इफेक्ट असतो. प्रश्नपत्रिका इतकी सोपी निघाली की निम्म्या वर्गाला पैकीच्या पैकी, तर हुशार कोण आणि अतिहुशार कोण हे कळायचा मार्गच बंद. गुणांना शब्दशः मर्यादा.

फक्त एक फरक ध्यानात घ्या. आमच्याकडे सीलिंग मोजपट्टीचं असतं, मुलांचं नाही. गोळीबार सर सांगताहेत ते शरीराचं. औषधांच्या चाचण्यांत दोन्हींची सरमिसळ होत नाही का? वेदना ० ते १० मध्ये मोजताय आणि रुग्ण लहान डोसलाच शून्यावर आला, तर मोठा डोस अधिक चांगला आहे की नाही हे कागदावर दिसणार कसं?

गोळीबार
होते, आणि बरीच होते. म्हणून वेदनाशामकाची चाचणी मुळात पुरेशी वेदना असलेल्यांवरच घ्यावी लागते. किरकोळ दुखण्यावर सगळीच औषधं सारखी दिसतात.

भूलभुलैया
मी भूल देतो, त्यामुळे 'गुणमर्यादे'वर मला हरकत घ्यावीच लागेल. सीलिंग म्हटलं की आमच्या क्षेत्रात पहिलं नाव निघतं ब्युप्रेनॉर्फिनचं, आणि ते गुणासाठी नव्हे. या औषधाचा डोस वाढवत नेला तर श्वास मंदावणं एका पातळीनंतर फारसं वाढत नाही. अफूवर्गीय औषधांच्या व्यसनावर ते देतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. वेदनाशमनाला मात्र नेहमीच्या वापरातल्या डोसांत तसं सीलिंग स्पष्ट दिसत नाही. म्हणजे मर्यादा आहे ती दुर्गुणाला! 'ब्युप्रेनॉर्फिनला गुणमर्यादा आहे' असं कुणी लिहिलं तर वाचणारा नेमकं उलटं समजेल.

आणि 'मर्यादा आहे' म्हणून निर्धास्त होऊ नका. ती त्या औषधाची एकट्याची आहे. सोबत दारू किंवा बेंझोडायझेपिन वर्गातलं झोपेचं औषध असेल तर ती टिकत नाही, अशाने जीव गेलेले आहेत. गंमत म्हणजे बेंझोडायझेपिनांचंही तसंच: एकटी असताना ती मेंदूला दडपतात ते एका हद्दीपर्यंत, कारण मेंदूला शांत करणाऱ्या, शरीरातल्याच गाबा या रसायनाचं काम ती वाढवतात. बार्बिट्युरेटं ही झोपेची दुसरी औषधं मोठ्या डोसमध्ये गाबाची वाट न बघता, गाबा पेशीवरची जी झडप उघडतं तीच उघडतात, म्हणून ती अधिक घातक.

सदाशुद्ध
मग ब्युप्रेनॉर्फिनपुरतं 'अवगुणमर्यादा'. (ह. घ्या.)

वेलांटी
इतका खल कशाला? आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: पालथ्या घड्यावर पाणी. कितीही ओता, उपयोग शून्य.

निमित्तमात्र
चुकताय वेलांटी. पालथ्या घड्यात पहिल्या थेंबापासूनच काही जात नाही. ते निरुपयोगी औषध झालं. इथे घडा आधी भरतोय आणि मग ओसंडतोय. भरल्या घड्यावर पाणी म्हणा.

गोळीबार
निमित्तमात्र, वेलांटीपेक्षा तुम्ही जवळ आलात, पण तुमचा घडाही गळका आहे. 'भरला म्हणून थांबलं' हे एकच कारण नसतं.

पेशीवर औषध जिथे चिकटतं त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, सगळे भरले की परिणाम कमाल, असं पूर्वी मानत. मग अशी औषधं सापडली की रिसेप्टर जवळजवळ सगळे व्यापतात आणि तरी पूर्ण प्रतिसाद देत नाहीत. १९५४ मध्ये आरियन्स या औषधशास्त्रज्ञाने यासाठी 'इंट्रिन्सिक ॲक्टिव्हिटी' (चिकटल्यावर पेशीला चेतवण्याची औषधाची क्षमता) ही कल्पना मांडली, १९५६ मध्ये स्टीफन्सनने त्याच धर्तीची 'एफिकसी'. स्टीफन्सनने याची दुसरी बाजूही दाखवली: काही औषधं थोडेच रिसेप्टर व्यापून पुरेपूर प्रतिसाद काढतात, बाकीचे रिसेप्टर शिल्लक राहतात. म्हणजे एकीकडे घडा काठोकाठ भरूनही तहान अर्धीच भागते, दुसरीकडे तळाशी ओंजळभर असतानाच तहान पुरती भागते. दोन्हीकडे सीलिंग आहेच.

ब्युप्रेनॉर्फिन पहिल्या जातीचं. रिसेप्टरला घट्ट धरून बसतं, पण चेतवतं अर्धवट.

आडवाटे
यावरून एक जुनं दुखणं. 'स्ट्राँग गोळी' हा शब्द ज्याने रूढ केला त्याला माझे दोन शब्द ऐकवायचेत. आमच्या घरात कुणालाही नवी गोळी मिळाली की पहिला प्रश्न, "किती एमजीची?" ५०० ची असेल तर स्ट्राँग, ५ ची असेल तर साधी. एका नातलगाने तर १ मिलिग्रॅमची गोळी 'एवढ्याशाने काय होणार' म्हणून परत करायला काढली होती.

गोळीबार
१ मिलिग्रॅमवरून चांगलं आठवलं. ब्युमेटानाइड आणि फ्युरोसेमाइड, दोन्ही मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी. पहिल्याच्या १ मिलिग्रॅमचं काम करायला दुसऱ्याचे साधारण ४० लागतात. पण डोस वाढवत गेलात तर दोन्ही शेवटी सारख्याच उंचीवर पोचतात. कमी वजनात काम होणं ही पोटन्सी. शेवटची उंची ती एफिकसी. सीलिंगचा संबंध फक्त उंचीशी. मराठीत दोन्हींना 'जोर' म्हणतात आणि तिथे सगळा घोळ होतो.

फ्युरोसेमाइडच्या गटाला तर पाठ्यपुस्तकांत नावच 'हाय सीलिंग' मूत्रलं असं आहे. मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत ती बाहेर काढू शकतात, थायझाइड गट जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत. थायझाइड कितीही द्या, फ्युरोसेमाइडच्या उंचीला जात नाही. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ते २५ मिलिग्रॅममध्ये बहुतेक काम करून मोकळं होतं. त्यापुढे रक्तदाब थोडाच उतरतो, पोटॅशियम मात्र उतरत राहतं.

वेलांटी
'उंच छताची मूत्रलं'!! कोशकीटक, घ्या तुमचं छत. उजेड खेळता, हवा खेळती.

भूलभुलैया
हसा, पण त्या गटाबद्दलची एक गोष्ट कामाची आहे. फ्युरोसेमाइडला खाली उंबरठाही असतो. त्याच्या आत असलात तर लघवी वाढतच नाही, आणि सीलिंग गाठल्यावर आणखी औषध एकदम देऊन काही हाती लागत नाही, त्यापेक्षा तोच डोस दिवसातून अधिक वेळा द्यावा. मूत्रपिंडं निकामी होत आली असतील तर औषध नेमक्या ठिकाणी पोचतच नाही, म्हणून तिथवर जायला कितीतरी मोठा डोस लागतो. तेव्हा सीलिंगचा आकडा औषधावर छापलेला नसतो, तो माणसागणिक सरकतो.

निमित्तमात्र
मला एक शंका आहे. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन देतात. त्याबद्दल वाचलं होतं की डोस वाढवला तर आतडं ते शोषतच नाही म्हणे: दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर सुमारे ६० टक्के रक्तात जातं, ३६०० घेतलं तर ३३ टक्क्यांच्या आसपास. हाही सीलिंग इफेक्टच ना?

गोळीबार
मी नाही म्हणणार. ते दारातच अडलंय, आत जाऊन थकलेलं नाही.

निमित्तमात्र
घेणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक? जास्त गिळलं, त्या मानाने लाभ नाही. शब्द रुग्णासाठी शोधतोय की प्राध्यापकांसाठी?

गोळीबार
फरक उपायात आहे. शोषणच अडलं असेल तर डोस विभागून देऊन किंवा दुसऱ्या मार्गाने देऊन परिणाम वाढू शकतो. रिसेप्टरच्या पातळीवरचं सीलिंग असेल तर औषधच बदलावं लागतं.

भूलभुलैया
आणि असं अडणं नेहमी वाचवतंच असं नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनमध्ये अडतं ते औषध मोडणारं एन्झाइम. तिथे डोस जरासा वाढवला तरी रक्तातली पातळी उसळी मारते. 'एन्झाइम थकलं' आणि 'परिणाम थकला' या गोष्टी एका पिशवीत घालू नका.

कोशकीटक
तुम्ही वैद्यकात रमलात, तोवर मी शब्दाकडे वळतो. 'मर्यादा' सगळेच सैलपणे वापरताहेत. पाणिनीचं सूत्र आहे, 'आङ् मर्यादाभिविध्योः'. 'आ' उपसर्ग 'पर्यंत' या अर्थी येतो तेव्हा त्याच्या दोन तऱ्हा. मर्यादा म्हणजे ती गोष्ट वगळून तिच्या अलीकडपर्यंत, अभिविधी म्हणजे ती गोष्ट धरून. वेशीपर्यंत गेलो, पण वेस ओलांडली नाही ती मर्यादा; गाव धरून सगळं पालथं घातलं तो अभिविधी. आता सांगा, औषध त्या कमाल परिणामाला पोचतं की अलीकडे राहतं? पोचत असेल तर 'परिणामाभिविधी' म्हणावं लागेल.

वेलांटी
पत्रकात 'परिणामाभिविधी' छापलं तर तेवढ्यानेच वेदना सुन्न होईल.

गोळीबार
थांबा, थांबा. कोशकीटकांनी नकळत फार मोठी गोष्ट विचारली आहे. सगळ्यात साध्या समीकरणात कमाल परिणाम हा कधीच गाठला जात नाही! डोसनुसार परिणाम दाखवणारा वक्र त्याच्याकडे सरकत राहतो. ज्या प्रमाणात निम्मा परिणाम मिळतो त्याच्या ९ पट औषध असेल तर ९० टक्के परिणाम. पुढचे ९ टक्के मिळवायला ९९ पट लागतं. शेवटच्या टक्क्यासाठी वाटेल तेवढं ओता, तो टक्का पुरता हाती येत नाही. म्हणजे पाणिनीच्या अर्थाने ही अस्सल 'मर्यादा' आहे, कमाल वगळून तिच्या अलीकडपर्यंत. 'परिणाममर्यादा' हा शब्द सदाशुद्धांना वाटला त्याहून जास्त बरोबर निघाला.

आणि डोस वाढवायचा मोह का फसवा असतो, तेही यातच आलं. चढाच्या मध्यावर डोस दुप्पट केला तर फरक जाणवतो. वरच्या टोकाला तीच दुप्पट जवळजवळ वाया जाते, पण दुष्परिणामाचा वक्र वेगळा असतो, तो कदाचित तेव्हा नुकताच चढायला लागलेला असतो.

सदाशुद्ध
पहिल्या दिवसापासून सांगतोय की परिणाममर्यादा. कुणी ऐकेल तर शपथ. आता उरला 'डोस'. 'मात्रा' असताना डोस कशाला? 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' हे म्हणताना तुम्हाला लाज वाटत नाही, मग पत्रकातच का वाटते?

आडवाटे
कारण 'मात्रा' म्हटलं की मला उगाळून घ्यायची मात्रा आठवते. नाहीतर अक्षरावरची. नाहीतर वृत्तातली. एका शब्दावर किती ओझं टाकाल? आणि डोस तरी परका कुठे? ग्रीकमध्ये त्याचं मूळ 'देणं' या धातूत आहे, आपल्या 'दा', 'दान'चा तो चुलतभाऊच.

सदाशुद्ध
चुलतभाऊ आहे म्हणून घर नावावर करून द्यायचं का?

अर्धविराम
मंडळी, पत्रक अजून माझ्याकडेच आहे. 'परिणाममर्यादा' मी तपासनिसांना दाखवला. त्यांचं म्हणणं, "हा शब्द वाचून 'या औषधाचा परिणाम मर्यादित आहे', म्हणजे औषध कमजोर आहे, असं वाटतं." आणि खरं सांगू, मलाही तसं वाटलं.

भूलभुलैया
मग शब्दाचा नाद सोडा. वाक्य लिहा: 'सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतल्याने दुखणं आणखी कमी होणार नाही. फक्त त्रास वाढेल.' आमच्या वॉर्डातल्या सिस्टर रुग्णांना हेच सांगतात, "आता आणखी देऊन फायदा नाही, दादा." सीलिंग हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही आणि रुग्णांना कळायचं ते कळतं.

सदाशुद्ध
ही पळवाट आहे. दर वेळी वाक्यच लिहायचं ठरवलं तर भाषेला शास्त्रीय शब्द येणार कुठून? इंग्रजीतही सीलिंग हा आधी सुताराचाच शब्द होता, वापरून वापरून शास्त्रात गेला.

अर्धविराम
वाक्य मी घेणारच आहे. पण वर चौकटीला शीर्षक हवंय, तिथे दोन शब्दांहून जास्त जागा नाही.

पेपरतपासनीस
शीर्षकाचं बघू, पण त्याआधी एक विचारते. आमच्याकडे सीलिंगचा जोडीदार 'फ्लोअर इफेक्ट' असतो, पेपर इतका अवघड की सगळेच शून्याच्या आसपास. वर परिणाममर्यादा म्हटलंत तर खाली काय म्हणाल? 'तळपरिणाम'?

वेलांटी
वर छत तर खाली फरशी. 'फरशी परिणाम'.

कोशकीटक
तुम्ही परत छतावर येणार असाल तर ऐका. जुन्या वापरात छत म्हणजे खोलीत वर ताणून बांधलेलं कापड. लाकडी असेल तर तक्तपोशी. हा शब्द सरळ फारसीतून आलाय, तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे झाकणारं. पलंगपोसातला 'पोस' तोच. माझा आक्षेप छताला नव्हता, त्याच्यावर लादलेल्या अर्थाला होता.

आडवाटे
मग पापोशातलाही तोच का?

कोशकीटक
तोच. पाय झाकणारा.

निमित्तमात्र
सगळ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. 'परिणाम' हा शब्दच मुळात धाक घालणारा आहे. 'परिणाम भोगावे लागतील', 'परिणामांची पर्वा न करता'. औषधाच्या पत्रकात परिणाम दिसला की लोक दुष्परिणामच वाचतात. 'असर' का नको? 'औषधाने असर केला' असं बोलतोच की.

सदाशुद्ध
असर! आता अरबी शब्दावाचून अडलं का आपलं?

निमित्तमात्र
'कमाल'वर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, तोही अरबीच आहे.

सदाशुद्ध
'कमाल'ला पर्याय म्हणून मी केव्हापासून 'परम' लिहितो, माझे जुने प्रतिसाद उघडून बघा.